चुंबळ, घोडी आणि काळी चार

तबला ज्या गोल कापडी कड्यावर बसवतात त्याला काय म्हणतात? चुंबळ. आणि माझी आजी विहिरीवरून हंडा आणताना डोक्यावर जुन्या लुगड्याचं जे वेटोळं ठेवायची, ते? तेही चुंबळच. काम एकच ना! बुडाला गोल असलेली वस्तू डळमळू द्यायची नाही. कुणीतरी कधीतरी तबला ठेवायला तीच वस्तू वापरली आणि नवा शब्द शोधायच्या भानगडीत पडला नाही. मला हे भयंकर आवडतं.

एकदा हा नाद लागला की मग सुटत नाही. तबल्याच्या तोंडावर चामडं असतं ती पुडी. पुडीच्या कडेला जी वेणी घातलेली असते तो गजरा. मधला काळा गोल म्हणजे शाई. तबला ताणून धरणारी चामड्याची लांब पट्टी म्हणजे वादी, आणि हा शब्द आमच्याकडे बैलाचं जू बांधणाऱ्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. तंबोऱ्याला भोपळा असतो, आणि तो खरोखरच भोपळा असतो, नुसतं म्हणायचं म्हणून नाही. त्याला दांडी असते, खुंट्या असतात, तारा ज्यावरून जातात ती घोडी असते, आणि बारीक सूर लावायला तारेत ओवलेले मणी असतात. पेटीला लोहारासारखा भाता असतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, म्हणजे पोळ्यांची असते तीच, गव्हाची, पाण्यात भिजवलेली. आमच्याकडे सप्ताहात मृदंगवाला आला की आधी स्वयंपाकघरात निरोप जातो, "एक गोळा कणीक द्या." बाया न विचारता देतात. कशाला हवी हे सगळ्यांना माहीत असतं.

म्हणजे बघा, परस, गोठा, स्वयंपाकघर, लोहाराचं दुकान, एवढ्या चार ठिकाणी आपल्या वाद्यांची सगळी परिभाषा तयार झाली. कन्नड तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला यातले नव्वद टक्के शब्द आधीच येतात. (नव्वद हा आकडा अंदाजपंचे आहे. मॅनेजरला एस्टिमेट देतो तसा.)

आणि आता दुसऱ्या बाजूचं ऐका. माझी भाची अकरा वर्षांची आहे. पेटी शिकते, परीक्षेला बसणार आहे. तिच्या वहीत पहिल्या पानावर "नाद म्हणजे काय? श्रुती म्हणजे काय? स्वर, सप्तक, अलंकार, लय, मात्रा यांच्या व्याख्या लिहा" असं सगळं लिहिलेलं. तिला सगळ्या व्याख्या पाठ आहेत. धाड धाड म्हणून दाखवते, एकही शब्द चुकत नाही. मी विचारलं, "लय म्हणजे काय गं? तुझ्या शब्दांत सांग." ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मामाला काय झालंय! मग म्हणाली, "माझे शब्द परीक्षेत चालत नाहीत."

पोरीनं एका वाक्यात निकाल लावला. माझं म्हणणं तेवढंच आहे, फक्त मला त्यासाठी पूर्ण लेख लागतोय.

माझं मत असं, की संगीताची मूलभूत परिभाषा आपण उलट्या टोकानं शिकवतो. आधी संस्कृत व्याख्या, मग जमलं तर वाद्य, आणि कान सगळ्यात शेवटी. त्यामुळे कान तयार असलेल्या, टाळ वाजवता येणाऱ्या, भजनी ठेक्यावर वाढलेल्या माणसाला वाटतं की 'आपल्याला संगीतातलं काही कळत नाही'. आमच्या गावाकडे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की चीड येते. हे म्हणणारा माणूस हरिपाठाला तास तास टाळ धरून उभा असतो आणि त्याची एक टाळी इकडची तिकडे होत नाही. आणि म्हणे कळत नाही!

यावर कुणी म्हणेल की बाबा रे, शास्त्र ते शास्त्र, ते संस्कृतातच आहे, त्याला कोण काय करणार? तर मग शास्त्राचंच बोलू. आणि शास्त्र फार लांब नाही, आमच्या एस.टी.च्या रस्त्यावर आहे. कन्नडहून संभाजीनगरला जाताना वेरूळ लागतं, मग खुलताबादचा घाट, आणि मग डाव्या-उजव्या हाताला मान वळवायला लावणारा देवगिरीचा किल्ला. त्या देवगिरीवर तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक गृहस्थ नोकरीला होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. वडील सोढल, तेही यादवांच्याच नोकरीत. आणि शार्ङ्गदेवाची पोस्ट काय? श्रीकरणाधिपती. म्हणजे राज्याचा मुख्य हिशेबनीस!

या हिशेबनिसानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. उत्तरेतले हिंदुस्थानीवाले आणि दक्षिणेतले कर्नाटकवाले, दोघंही ज्याला आपला आधारग्रंथ मानतात असे ग्रंथ फार थोडे, आणि त्यात याचं नाव पुढे. पंधराव्या शतकात विजयनगरात कल्लिनाथानं त्यावर टीका लिहिली, यावरून पोच किती होती ते कळेल. सात अध्याय आहेत: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि शेवटी नृत्य. दिवसभर राज्याचे जमाखर्च बघायचे आणि उरलेल्या वेळात हे. (वीकेंडला लेख लिहून स्वतःला शाबासकी देणाऱ्या माझ्यासारख्यांनी मान खाली घालावी.) त्यानं स्वतःला 'निःशंक' म्हणवून घेतलंय आणि एका वीणेचं नावही निःशंकवीणा आहे. माणसाला स्वतःबद्दल काही शंका नव्हती हे खरं :-)

हा माणूस परिभाषा कशी बांधतो ते बघण्यासारखं आहे. सुरुवात तो सुरांपासून करतच नाही, माणसाच्या शरीरापासून करतो. गर्भ कसा तयार होतो इथपासून! मग शरीरातून नाद कसा निघतो. छातीत उमटतो तो मंद्र, गळ्यात मध्य, डोक्यात तार, आणि प्रत्येक पुढचा आधीच्या दुप्पट. आज आपण २२०, ४४०, ८८० हर्ट्झ म्हणतो तेच. दुप्पट झालं की तोच सूर वरच्या मजल्यावर. त्याच्याकडे हर्ट्झ नव्हते. हात छातीवर, गळ्यावर, डोक्यावर ठेवून बघा, खालचा सा लावताना छाती थरथरते की नाही. अकरा वर्षांच्या पोरीला सप्तक शिकवायला यापेक्षा सोपी गोष्ट नाही, आणि तिच्या वहीत नेमकी हीच नाही.

श्रुतीचंही तसंच. बावीस श्रुती हे ऐकलं की लोक एकतर हात जोडतात नाहीतर वाद घालायला लागतात. शार्ङ्गदेव एक प्रयोग सांगतो. दोन वीणा घ्या, प्रत्येकीला बावीस तारा, दोन्ही अगदी सारख्या लावा. एक वीणा हलवायची नाही, ती ध्रुव. दुसरी चल. चल वीणेच्या सगळ्या तारा एकेक पायरी खाली उतरवत जायच्या. दोन पायऱ्या उतरल्यावर चल वीणेचा ग ध्रुव वीणेच्या रे ला जाऊन मिळतो, आणि नी ध ला. म्हणजे ग आणि नी दोन श्रुतींचे. तिसऱ्या पायरीला रे आणि ध अनुक्रमे सा आणि प ला मिळतात, चौथ्याला सा, म, प हे खालच्या नी, ग, म ला. झाला हिशेब: चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन. बेरीज करा, बावीस येते. हिशेबनिसाची बेरीज आहे, चुकेल कशी!

मला यात माझं रोजचं काम दिसतं. एक मूळ प्रत जशीच्या तशी ठेवायची, दुसरीत एका वेळी एकच बदल करायचा आणि दोन्हींची तुलना करत जायचं. कुठल्याही नव्या पोराला जॉइन झाल्यावर आम्ही हेच शिकवतो. या प्रयोगावर विद्वानांनी नंतर पुष्कळ काथ्याकूट केलाय, पायऱ्या समान होत्या की नव्हत्या वगैरे. त्यात मी पडत नाही. मुद्दा एवढाच, की त्याच्या व्याख्येखाली एक वाद्य आहे. हाताला लागणारं, तार पिळता येणारं. आपण वाद्य काढून घेतलं आणि व्याख्या तेवढी वहीत उतरवली.

वाद्याध्यायात तर मजाच आहे. वाद्यांचे चार प्रकार: तत म्हणजे तारेची, सुषिर म्हणजे पोकळ, फुंकायची, अवनद्ध म्हणजे चामड्यानं मढवलेली, घन म्हणजे जी स्वतःच सगळी वाजतात, टाळ-घंटा वगैरे. ही विभागणी त्याची नाही, भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेली. पण तिचं पुढे काय झालं ते ऐका. १८७६ साली कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संग्रह भेट दिला. ब्रुसेल्सच्या संग्रहालयात व्हिक्टर माहियों म्हणून गृहस्थ होते, त्यांनी १८८० मध्ये संग्रहाची सूची छापली तेव्हा जगभरची वाद्यं याच धर्तीवर चार वर्गांत मांडली. त्याआधी युरोपात तारेची, फुंकायची आणि बडवायची असे तीन गट चालायचे. माहियोंच्या कामावरून १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि साक्स या दोघांनी जी पद्धत बसवली, ती जगातली वाद्यसंग्रहालयं आजही वापरतात. नावं ग्रीक दिलीत. खाली बघाल तर घन, अवनद्ध, तत, सुषिर. विजेची वाद्यं आल्यावर पुढे पाचवा वर्ग जोडला, बस्स.

आता त्या चार वर्गांत शार्ङ्गदेव भरतो काय? मला वाटलं होतं सगळ्या वीणाच असतील. वीणा आहेतच, पण अवनद्धात डमरू आहे, हुडुक्का आहे, डक्का आहे, लढाईतली भेरी आणि दुंदुभी आहे. सुषिरात बासरीबरोबर पावा आहे, शिंग आहे, शंख आहे. ततात किन्नरी आहे, लहान आणि मोठी, आणि दारोदार किंगरी वाजवत फिरणाऱ्यांच्या किंगरीचं नाव ऐकलं की नातं लपत नाही. त्याहून मोठी गोष्ट प्रबंधाध्यायात आहे. गाण्याच्या प्रकारांच्या यादीत तो सरळ 'ओवी' नोंदवतो. 'धवल' नोंदवतो. ओवी! ज्ञानेश्वरीला अजून चाळीस-पन्नास वर्षं अवकाश आहे, आणि देवगिरीचा मुख्य हिशेबनीस राजदरबारच्या संस्कृत ग्रंथात बायकांच्या तोंडचं गाणं प्रकार म्हणून लिहून ठेवतो. त्याच्याही शंभर वर्षं आधी, ११२९ च्या सुमाराला, चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहेच. धवल म्हणजे लग्नातली गाणी, धवळे. महदाइसेचे धवळे आपण मराठीतलं आद्य स्त्रीकाव्य म्हणून शिकतो, ते याच शतकातले.

म्हणजे ज्याला आपण शास्त्र म्हणतो, ते लिहिणाऱ्यानं आजूबाजूला जे वाजत होतं ते आधी ऐकलं, मग नाव दिलं. किंवा लोकांनी दिलेलं नावच घेतलं. देशी हा शब्दच त्याच्याकडे मानानं येतो. 'हे शास्त्रीय, हे लोकसंगीत, हे नुसतंच बडवणं' अशा भिंती घालून आपण जी पुस्तकं काढली, तिथे त्याचं बोट धरायचं विसरलो.

लय घ्या. शार्ङ्गदेवाच्या परंपरेत लय म्हणजे वेग नव्हे. दोन क्रियांच्या मधली विश्रांती म्हणजे लय. एक टाळी, मग थांबणं, मग दुसरी टाळी, ते मधलं थांबणं म्हणजे लय. विश्रांती लांबली की विलंबित, आखडली की द्रुत. हे वाचल्यावर मी खुर्चीतून उठलो होतो. कारण उखळात मुसळ घालणाऱ्या बाईला हे शिकवायचं काय? मुसळ खाली येतं, वर जातं, दोघी समोरासमोर असतील तर एकीच्या विश्रांतीत दुसरीचा घाव. जातं म्हणजे तर चालतंबोलतं तालवाद्य, एका फेऱ्याचं एक आवर्तन. ओवीचं माप त्या फेऱ्यातून आलं.

आणि मग पिठाची गिरणी आली. चांगलंच झालं, उगाच गळे काढू नका. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला विचारा ती जात्याला परत आणेल का. पण जातं गेलं आणि त्याच्यासोबत ओवी गेली, हेही तितकंच खरं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्या नसत्या तर आज आपल्याकडे 'ओवी' या शब्दाची फक्त व्याख्या उरली असती. वहीत लिहायला. वाद्य गेलं की त्याच्यावर उभं असलेलं गाणं जातं, आणि शब्द मागून जातो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, पुढे लागणार आहे.

मध्येच पेटीबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय राहवत नाही. पेटी परदेशी. पॅरिसच्या दबॅंनं १८४२ मध्ये पेटंट घेतलेलं पायपेटीसारखं यंत्र, कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला हातभात्याचं रूप दिलं, आणि आपल्या संगीत नाटकांनी तिला कडेवर घेतलं. १९४० मध्ये रेडिओनं तिच्यावर बंदी घातली, सुमारे तीस वर्षं. कारण काय, तर तिचे सूर ठोकळेबाज, श्रुती निघत नाहीत, मींड निघत नाही. तक्रार खोटी नव्हती. पण तेवढ्या तीस वर्षांत मराठी माणसानं पेटी सोडली का? भजनी मंडळांनी सोडली का? नाव नको. उलट आमच्या जालन्याकडच्या अप्पा जळगावकरांसारख्यांनी (१९२२–२००९) ती कुठल्या कुठे नेली. आणि भाषेनं काय केलं बघा: सुराची उंची सांगायला आपल्याकडे सोयीचा शब्द नव्हता, तो पेटीनं दिला. पट्टी! "तुमची पट्टी कुठली?" "काळी चार." "पांढरी दोन." जगात गवई सी शार्प म्हणतात, आपण काळी एक म्हणतो. डोळ्यांनी दिसणारं, बोटानं दाबता येणारं नाव. परदेशी यंत्रावरून अस्सल मराठी परिभाषा तयार झाली आणि ती कुठल्याही परिषदेनं ठरवली नाही.

शिवाय यात एक फार सुंदर गोष्ट दडलीय जी भाचीला कुणी सांगितली नव्हती. तिला मी विचारलं, सा म्हणजे कुठली पट्टी? म्हणाली, "पांढरी एक." तिच्या क्लासमध्ये सगळी मुलं एकाच सुरात बसतात, म्हणून तिचा समज की सा म्हणजे पेटीवरची ती ठराविक जागा. सा जागा नाही गं बाई, सा हा व्हेरिएबल आहे! तू म्हणशील तो सा. तुझा काळी चार, माझा काळी एक, बाकीचे सहा त्याच्यापासून मोजायचे. मी तिला कपाळावर गंध लावणाऱ्याचं उदाहरण दिलं. कपाळ कुणाचंही असो, गंध मध्यभागी. पाच मिनिटांत तिनं काळी तीनवरून सगळं सप्तक शोधून काढलं. आता मोबाइलवर तंबोऱ्याची आणि सूर मोजायची अॅप्स आली आहेत. सोय उत्तम, मीही वापरतो. पण ती पोरांना आधी ठराविक सुराचं इंग्रजी अक्षर दाखवतात, आणि सा हलतो ही गोष्ट पुन्हा झाकली जाते.

बरं, आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

गेल्या काही लग्नसराया मी सलग गावाकडे काढल्या. पिशोर, चापानेर, हतनूर, कन्नड शहर. वरातीत डीजे. देवाच्या मिरवणुकीत डीजे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या भिंती, आणि छातीत धडधड. मंद्र नाद छातीत उमटतो हे शार्ङ्गदेवाचं म्हणणं इतक्या शब्दशः सिद्ध होईल असं त्यालाही वाटलं नसेल. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. कागदावर आहेत. असो. आवाजाची तक्रार सगळेच करतात, माझी वेगळी आहे. डीजेवर हलगीचा आवाज असतो! रेकॉर्ड केलेला. संबळाचाही असतो. तो ऐकून पोरं बेभान नाचतात, आणि दहा पावलांवर उभा असलेला खरा संबळवाला गोंधळापुरता, तासाभरासाठी बोलावलेला असतो. मी तिथल्या तीन-चार पोरांना संबळ दाखवून विचारलं हे काय. एकजण म्हणाला, "तबल्यासारखं काहीतरी." आई तुळजाभवानीच्या मराठवाड्यात!

संबळ म्हणजे दोन तोंडांची जोडी, एक उंच सुराचं, एक खर्जाचं, कमरेला बांधून काठ्यांनी वाजवायची, त्यातली एक काठी टोकाला वाकडी. शेजारी तुणतुणं. एक पोकळ लाकडी डबा, बुडाला चामडं, त्यातून निघालेली एक तार बाजूच्या काठीवरच्या खुंटीला बांधलेली. एका वाद्यात तत आणि अवनद्ध दोन्ही! चार वर्ग शिकवायला यापेक्षा चांगला नमुना नाही. गोंधळ्याच्या ताफ्यात टाळ धरला की घनही आला. आणि हलगी: एक कडं, त्यावर ताणलेलं चामडं, वाजवण्याआधी जाळावर शेकायची. का शेकायची? चामडं आवळतं, सूर चढतो. हे भौतिकशास्त्र नववीच्या पोराला शेकोटीपाशी दोन मिनिटांत कळेल.

पण माझ्या भाचीच्या पुस्तकात अवनद्ध वाद्यांची उदाहरणं काय आहेत? तबला, पखवाज, मृदंग. संपलं. हलगी नाही, संबळ नाही, दिमडी नाही.

का नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. चामडं कुणी कमावलं, हलगी कुणाच्या गळ्यात होती आणि ऐकणारे कुठे बसलेले होते, हा तो प्रश्न. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फार योग्य झालं, पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे. हलगीच्या कसबाला मात्र गावानं 'काम' म्हटलं, तेही सक्तीचं. लग्न असो, मयत असो, बोलावणं आलं की जायचं. म्हणून बाबासाहेबांच्या चळवळीत अनेकांनी गावकीची कामं नाकारली त्यात वाजवणंही नाकारलं. ते बरोबरच होतं. आज शहरातून गेलेल्या माझ्यासारख्यानं "अरेरे, परंपरा बुडाली, त्यांनी वाजवत राहायला हवं होतं" म्हणणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. लोककला वाचवा म्हणणाऱ्या भाषणांत हा परिच्छेद नेहमी गाळलेला असतो, म्हणून मुद्दाम लिहिला.

तर मग काय करायचं? ज्यांनी खाली ठेवली त्यांनी ती पुन्हा उचलावी असं मी म्हणणार नाही. बाकीच्यांनी उचलावी. सगळ्यांच्या पोरांनी. जिल्हा परिषदेच्या शाळेत लेझीम असतेच. आम्ही पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला कवायतीच्या मैदानावर लेझीम खेळलोय, तेव्हा कुणी जात विचारून लेझीम दिली नव्हती. लेझीम चालते तर हलगी का नाही? तिथल्या तिथे मात्रा शिकवा, सम शिकवा, खाली शिकवा. आठ मात्रांचा ठेका आमच्याकडच्या पोरांच्या अंगातच असतो, त्यातली पहिली मात्रा म्हणजे सम एवढं फक्त बोट ठेवून दाखवायचंय. मग तबल्याच्या सोळा मात्रा आल्या तर कुणी घाबरणार नाही. व्याख्या शेवटी लिहून घ्या, आणि पोरांच्या शब्दांत लिहिलेली चालू द्या.

आणि एक सहल न्या. संभाजीनगरला विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात लेणी आहेत, सातव्या लेण्यात मध्ये नाचणारी बाई आणि दोन्ही बाजूंना वाद्यं घेतलेल्या बायका कोरल्यात. सहलीच्या गाड्या वेरूळ आणि मकबरा करून परत फिरतात, ही लेणी मकबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असूनही. पोरांना तिथे उभं करून विचारा, यातलं सुषिर कुठलं, अवनद्ध कुठलं. येताना देवगिरीच्या पायथ्याशी दहा मिनिटं थांबून सांगा की इथं एक हिशेबनीस राहायचा.

हे सगळं मी आमच्याकडच्या एका शिक्षक मित्राला फोनवर ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. (शिक्षकांना अशा शहरी उत्साहाची सवय असते.) मग म्हणाला, "वाद्यं लोकवर्गणीतून येतील रे. हलगी चार-पाच आल्या तरी पुष्कळ. पण शिकवणार कोण? माझ्या बी.एड.ला हलगी नव्हती." मी म्हटलं, तुझ्या गावात वाजवणारा एक तरी असेल ना? म्हणाला, आहे, साठीचा आहे, त्याची पोरं कंपनीत लागली, तो आता वाजवत नाही, बोलावलं तरी येत नाही. बरोबर आहे, मी म्हटलं, वाजवायला बोलावलं म्हणून येत नाही. शिकवायला बोलावून बघ. तासाचं मानधन ठरव, पाहुणे म्हणून खुर्ची दे, फळ्यावर नाव लिही, आणि पोरांना सांग की यांना सर म्हणायचं.

तो म्हणाला, मानधनाचं मुख्याध्यापकांना विचारावं लागेल. सोमवारी विचारतो.